बहिणाबाईंची चूल आणि आमचे प्रवचन

संतोष या विषयावर आमच्यापाशी एक प्रवचन कित्येक वर्षांपासून तयार आहे. गुरुविद्यालयातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते रचले गेले आणि पुढे एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात बदली होत गेली, तसे ते वहीसह आमच्याबरोबर फिरत राहिले. त्यात जळगावच्या बहिणाबाई चौधरींचा दाखला हमखास येतो. अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात वैधव्य आलेले, शेतात आणि घरात दिवसभर राबणे. तरीही जात्यावर बसताच या माउलीच्या ओठांवर गाणे येई. 'हिच्याजवळ काय होते? आणि तरी ही गात होती!' एवढे बोलून आम्ही क्षणभर थांबतो. समोरची मंडळी माना डोलावतात. खानदेशात तर हा दाखला विशेष उतरतो, कारण ऐकणाऱ्यांना बहिणाबाई आपल्या घरच्याच वाटतात.

गेल्या आषाढात वरणगावला एका घरी कौटुंबिक प्रार्थनेसाठी आम्ही गेलो होतो. दारूगोळा कारखान्यामुळे हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे. कारखान्याच्या वसाहतीतील नोकरदार कुटुंबांची स्थिती बरी असते. हे घर मात्र वसाहतीतले नव्हते, गावाच्या कडेचे होते. नवरा मिळेल ते काम करणारा, बायको निंदणी-खुरपणीला आणि हंगामात कापूस वेचायला जाणारी, घरात वृद्ध सासू आणि शाळेत जाणारी दोन मुले. पावसाची झड लागलेली. ओल्या सरपणाचा धूर खोलीभर कोंदला होता. प्रार्थना झाली आणि सवयीप्रमाणे आम्ही बहिणाबाईंचा दाखला दिला. चहा पुढे ठेवताना ती गृहिणी म्हणाली, "फादर, त्या माउलीचं खरं आहे. पन तिच्या चुलीले पऱ्हाट्या घरच्या वावरातल्या व्हत्या. आमाले त्या मागून आनाव्या लागतात."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उपरोधही नव्हता. एखाद्याच्या बोलण्यात राहून गेलेली गोष्ट सहज सांगावी, तशी तिने ती सांगितली. कापसाचा हंगाम संपला की झाडाची वाळकी काडी, म्हणजे पऱ्हाटी, हे या भागातील गरिबाचे वर्षभराचे सरपण. ज्याचे शेत त्याची पऱ्हाटी. ज्याला शेत नाही त्याने ती उपटून देण्याच्या मोबदल्यात मिळवायची किंवा मालकाच्या मर्जीवर आणायची. चहा घेऊन आम्ही परतलो, पण त्या वाक्याने आम्हाला पुस्तक पुन्हा उघडायला लावले. प्रस्तुत लेख हा त्या फेरवाचनाचा वृत्तांत आहे, आणि थोडासा आमच्या प्रवचनाचा पंचनामाही.

प्रथम ज्ञात गोष्टी सांगून टाकू. बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी विवाह झाला. एक मुलगी व दोन मुलगे झाले. तिशीच्या सुमारास पती निवर्तले. एका मुलाला प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आले. दुसरे सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून मान्यता पावले. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावातच बहिणाबाई वारल्या. त्यांची गाणी घरच्यांनी जमतील तशी टिपून ठेवली होती. ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजे पुस्तक आले ते त्या गेल्यानंतर. गावातला छापखाना पाहून ज्यांनी कोऱ्या कागदाच्या शहाणपणावर गाणे रचले, त्यांच्या स्वतःच्या गाण्यांवर छपाईची शाई त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने कधी लागली नाही. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावाने आता पदव्या दिल्या जातात.

या हकिकतीत अशी काही जादू आहे की वाचणारा गाण्याच्या आधी गाणारीच्या निरक्षरतेवर लुब्ध होतो. अत्र्यांच्या प्रस्तावनेतील विस्मय प्रामाणिक होता आणि त्यांच्यामुळेच हे धन महाराष्ट्राच्या हाती लागले, याबद्दल वाद नाही. परंतु त्यानंतरच्या पिढ्यांनी विस्मयाचीच परंपरा केली. 'शिकलेली नव्हती, तरी' आणि 'गरीब होती, तरी', या दोन 'तरीं'वर आमच्यासारख्यांची व्याख्याने उभी राहिली. पुढे 'मानिनी' या १९६१ सालच्या चित्रपटाने काही गाणी घराघरांत पोहोचविली. आमच्या पिढीला बहिणाबाई प्रथम आकाशवाणीवर भेटल्या, वाद्यमेळासह आणि अत्यंत गोड गळ्यांतून. त्या गोडव्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, पण त्यात चुलीचा धूर कुठेतरी विरून गेला, असे आता वाटते.

म्हणून आम्ही फेरवाचनाला चुलीपासूनच आरंभ केला. न पेटणाऱ्या चुलीवर बहिणाबाईंचे एक गाणे आहे. सरपण धुमसते आहे, फुंकून फुंकून जीव मेटाकुटीस आला आहे, डोळ्यांतून पाणी वाहते आहे. अशा वेळी संतोषाचा उपदेश करणारा कवी काय सांगेल? धूरही देवाचाच, असे काहीतरी. बहिणाबाई तसे काहीच सांगत नाहीत. त्या अग्नीची थट्टा करतात. साऱ्या विस्तवाचा जो धनी, त्यालाच आज हुडहुडी भरली की काय, असे त्याला विचारतात. चूल पेटत नाही हे दुःख आहे आणि ते दुःखच राहते. बदलते ते एवढेच की ज्या वस्तूने छळले तिच्याशी नाते जोडले जाते आणि त्या नात्यात बाई वरचढ ठरते. हा आनंद धुराविषयीच्या समाधानातून आलेला नाही. धुराशी दोन हात करताना सुचलेल्या विनोदातून तो आला आहे. आमच्या प्रवचनाने या दोहोंत गल्लत केली होती.

अशीच गल्लत संसारावरच्या प्रसिद्ध गाण्याच्या बाबतीत होते. लग्नाच्या आशीर्वादपत्रिकांवर ते छापले जाते आणि सोसण्याचा महिमा म्हणून गायिले जाते. वास्तविक त्यात तव्याचा चटका आधी आहे आणि भाकर मागून. ज्या हाताला चटके बसले आहेत, त्या हाताने हिशोब सांगितलेला आहे. त्यात सुखाचे आश्वासन आहे, पण ते फुकट वाटलेले नाही.

आमच्या मते बहिणाबाईंच्या आनंदाचा खरा झरा त्यांच्या शेतकामाच्या गाण्यांत सापडतो. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, विहिरीवरची मोट, घरचे जाते, यांतील एकेका कामावर त्यांनी स्वतंत्र गाणे केले आहे. शहरी वाचक ही पाने भराभर उलटतो, कारण त्यांत 'विचार' थोडा आणि काम फार. आम्हीही पूर्वी उलटली होती. या खेपेस सावकाश वाचली. उपणणीच्या वेळी वारा पडतो आणि खळ्यावर उभ्या असलेल्या माणसांचे हात रिकामे राहतात. तेव्हा बहिणाबाई वाऱ्याला मारुतीच्या पित्याच्या नात्याने बोलावतात. एखाद्या मोठ्या घरच्या पाहुण्याला आग्रहाने बोलवावे तसे. मातीखाली निजलेल्या बियांकडे त्या पांघरुणात झोपलेल्या लेकरांच्या मायेने पाहतात. उघड्या रानात कोंब वर आले की ईश्वर त्यांना मोठा गारुडी वाटतो, ज्याची करामत दरवर्षी पाहूनही शिळी होत नाही. येथे काम आणि आनंद यांच्यामध्ये कोठेही फट नाही. काम संपल्यावरचा विरंगुळा म्हणून हे गाणे आलेले नाही. काम नीट पाहिले, त्याची प्रत्येक हालचाल ओळखली, म्हणून ते आले आहे. गाण्याचे वजनसुद्धा बहुधा आठ अक्षरांचे, ओवीचे. जात्याचा खुंटा फिरवताना श्वास जेवढा पुरतो, तेवढीच ओळ.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हे पाहणे केवळ कौतुकाचे नाही. सुगरण पक्ष्याच्या घरट्यावरचे गाणे आम्ही लहानपणी पाठ केले आणि त्याला निसर्गवर्णन समजून बसलो. त्या इवल्या चोचीच्या कारागिरीपुढे बहिणाबाई माणसाच्या हातांना जाब विचारीत आहेत, हे उशिरा ध्यानात आले. माणसावरच्या गाण्यात तर हा जाब उघडच आहे. मुक्या जनावरांचे इमान आणि माणसाची हाव शेजारी शेजारी ठेवून त्या माणसाला चारचौघांत उभे करतात. वैधव्यानंतर दारी आलेल्या ज्योतिष्याला 'येऊ नको' म्हणणारे गाणेही याच जातीचे. सौभाग्याची कोणती खूण गेली आणि तिच्या जागी काय उरले, असा तो जमाखर्च आहे, आणि उरलेल्या बाजूला स्वतःच्या मनगटाची नोंद आहे. ज्या बाईला आम्ही निमूट सोसणारी म्हणून व्यासपीठावर आणत होतो, ती असा हिशोब मांडणारी होती.

खानदेशच्या मातीतच आनंदाचा दुसरा एक कवी झाला, त्याच्याशी तुलना केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, यांचा जन्म १८९० साली धरणगावचा. १९०७ साली जळगावला महाराष्ट्रातील कवींचे पहिले संमेलन भरले. त्यात या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. त्या दिवशी, त्याच गावात, सत्तावीस वर्षांच्या बहिणाबाई आपल्या घरी कामात असणार. त्याच वर्षी सोपानदेवांचा जन्म झाला. कविसंमेलनाच्या मांडवात कोणाला त्यांचे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. हा योगायोग आम्हाला गेले काही महिने अस्वस्थ करीत आहे. गावात कवींचा मेळा भरावा आणि गावची सर्वांत मोठी कवयित्री तिथून हाकेच्या अंतरावर दळत असावी!

बालकवींचे आनंदगीत मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी असते. त्यातील आनंद चंद्रप्रकाशासारखा वरून, सर्वांवर सारखाच बरसतो. तो फार सुंदर आहे. पण तो येतो तसाच जातोही. ज्यांच्या लेखणीतून हे गीत उतरले, त्यांनीच पुढे उदासीनतेच्या अशा काही कविता लिहिल्या की त्यांच्या छायेत ऊन पोहोचत नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. भुसावळहून जळगावला जाताना भादली लागते, आणि आसोदे तिथून फार लांब नाही. या वाटेने जाताना आम्हाला आता दोघांचीही आठवण होते. बालकवींच्या आनंदाला जगाने सुंदर असावे लागते. बहिणाबाईंच्या आनंदाला जग जसे आहे तसे पुरते, मात्र हाताला काम असावे लागते. दोहोंत थोर कोण, असा वाद येथे नाही. पण दररोज सकाळी उठून चूल पेटवायची असलेल्या माणसाला कोणाची सोबत अधिक काळ पुरेल, हे सांगायला समीक्षकाची गरज नाही.

बालकवींचा आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्नेह सर्वश्रुत आहे. ते काही काळ टिळकांच्या अहमदनगरच्या घरी राहिले. त्या घरची गृहिणी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि आजही आपल्या कुटुंबांतून ती आवडीने वाचली जातात. हा ग्रंथ प्रॉटेस्टंट घरातला असला, तरी मराठी ख्रिस्ती माणसाने आपला म्हणावा असाच आहे. आपल्या पुष्कळ वाचकांना त्यातील विनोद पाठ असतील. आम्ही त्या विनोदाकडे वरणगावच्या प्रश्नाच्या उजेडात पाहू इच्छितो.

टिळकांच्या घरातील गरिबी ही निवडलेली गरिबी होती, असे आपण म्हणतो. पण ती कोणी निवडली होती? टिळकांनी. हाती पैसा आला की गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे, बाजारात पाठवावे तर भलतेच घेऊन परतायचे, घरात शिधा नसताना पाहुणे आणायचे, आणि १९१७ साली तर मिशनच्या पगाराची नोकरीच सोडून 'देवाच्या दरबारा'चा मार्ग धरायचा. यांतील प्रत्येक निर्णय उदात्त होता. आणि प्रत्येक निर्णयानंतर संध्याकाळच्या जेवणाचे काय, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा होता. त्यागाचे पुण्य एकाचे आणि त्यागाचा स्वयंपाक दुसरीचा. 'स्मृतिचित्रां'ची थोरवी अशी की लक्ष्मीबाई या व्यवस्थेवर रागावून ग्रंथ लिहीत नाहीत आणि तिला पवित्र म्हणून नमस्कारही करीत नाहीत. त्या हसतात. नवऱ्याला, स्वतःला, सोवळ्याओवळ्याने पछाडलेल्या आपल्या वडिलांना. त्या हसण्यात नवऱ्यावरचे प्रेम शाबूत असते आणि डब्यात पीठ नव्हते ही वस्तुस्थितीही शाबूत असते. आनंदी माणसाने खोटे बोलू नये, ही अट लक्ष्मीबाई पाळतात. बहिणाबाईही पाळतात. आम्ही व्यासपीठावर ती नेहमी पाळली, असे म्हणवत नाही.

साने गुरुजींची 'श्यामची आई' हा या विषयावरचा मराठीतला सर्वांत लोकप्रिय ग्रंथ. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात तो लिहिला गेला. अमळनेरच्या शाळेतील शिक्षकपणामुळे गुरुजी खानदेशचे झाले, पण ग्रंथातील गरिबी त्यांच्या कोकणातल्या बालपणाची आहे. तिचा संस्कार आमच्यावर खोल आहे, तरी तिचा उल्लेख येथे एवढ्यासाठीच करतो की तेथे गरिबी अश्रूंतून दिसते, आणि आठवणारा मुलगा ती आठवीत आहे. आई स्वतः बोलली असती तर काय म्हणाली असती, ते आपणास ठाऊक नाही. बहिणाबाई आणि लक्ष्मीबाई या स्वतः बोलतात, हा फरक लहान नव्हे.

आता आम्ही स्वतःकडे वळतो. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू. ब्रह्मचर्य आणि धर्माध्यक्षांचे आज्ञापालन यांचे वचन आम्ही दिले आहे. दारिद्र्याचे व्रत घेतात ते संन्यस्त संघांतील बंधुभगिनी, आम्ही नव्हे. आमच्या स्वयंपाकघरात गॅस आहे, आणि टाकी संपली की दुसरी आणविण्याची काळजीसुद्धा बहुधा दुसरेच कोणी करते. अशा माणसाने ओल्या पऱ्हाट्यांच्या धुरात बसून संतोषाचा महिमा सांगावा, याला धारिष्ट्य लागते. ते आम्ही इतकी वर्षे न जाणता दाखविले. गुरुविद्यालयात शुभवर्तमानांचा तौलनिक अभ्यास करताना आम्ही शिकलो होतो की पर्वतावरील प्रवचनात मत्तय आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणतो, तर लूक थेट दीनांनाच धन्य म्हणतो आणि पाठोपाठ धनवंतांना हळहळीचे शब्द ऐकवितो. परीक्षेत या भेदावर आम्हाला चांगले गुण मिळाले होते. पुढे प्रवचने करताना मत्तय सोयीचा पडला आणि लूक मागे राहिला.

बहिणाबाईंचे दृष्टांत वाचताना ख्रिस्ती वाचकाला प्रभू येशूच्या दाखल्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पेरणी, बी, खमीर, दिवा, जुन्या वस्त्राला ठिगळ, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी स्त्री: तेथेही देवाच्या राज्याची गोष्ट स्वयंपाकघरातून आणि शेतातूनच सांगितली आहे. परंतु या साम्यावरून बहिणाबाईंना आपल्या गोटात ओढण्याचा मोह टाळला पाहिजे. त्यांची भक्ती त्यांची स्वतःची, वारकरी मातीतली, आणि ती आपल्या प्रमाणपत्रावाचून पूर्ण आहे. साम्य आहे ते पाहण्याच्या रीतीत. दोन्ही ठिकाणी साधी वस्तू आधी नीट पाहिली जाते. अर्थ मागून येतो, आणि आला तरी वस्तू जळून जात नाही. खमीर खमीरच राहते, चूल चूलच राहते. आमच्या प्रवचनात मात्र चूल पहिल्या वाक्यातच जळून जाई आणि संतोष तेवढा उरे.

राहिला पऱ्हाटीचा प्रश्न. त्या गृहिणीचे म्हणणे समीक्षेच्या दृष्टीनेही खरे आहे, आणि बहिणाबाईंवरील प्रेमापोटी ते झाकण्यात अर्थ नाही. बहिणाबाईंनी कष्ट आणि ओढग्रस्ती पुरेपूर भोगली, पण त्या शेतकरी घरातल्या होत्या. पेरणीच्या गाण्यातील आनंदात आपल्या शेताचा, आपल्या बैलांचा, आपल्या खळ्याचा वाटा आहे. कोंब वर आला तो आपल्या रानात आला. रोजाने दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणारीला तो कोंब तितकाच सुंदर दिसत असेल. पण संध्याकाळी ती रान मागे ठेवून घरी येते. तिच्या आनंदाची गाणी बहिणाबाईंच्या पुस्तकात पूर्णपणे सापडतील, अशी अपेक्षा करणे हा बहिणाबाईंवर अन्याय, आणि सापडतात असे सांगणे हा त्या बाईवर. आम्ही दुसरा अन्याय करीत आलो होतो. गरिबी या एका शब्दाखाली आपण किती निरनिराळी माणसे एका रांगेत बसवितो! धान्याची कणगी रिकामी असलेला शेतकरी, पगार थकलेला कामगार, आणि सरपणही ज्याला मागून आणावे लागते तो. यांच्या आनंदाच्या जागाही निरनिराळ्या असणार. त्या जागा बाहेरून दाखविता येत नाहीत.

काही वाचक म्हणतील, मग गरिबाने आनंदी असूच नये काय? किंवा धर्मगुरूने त्याविषयी मौन पाळावे काय? आमचे म्हणणे तसे नाही. वरणगावच्या त्या घरात आनंद नव्हता असे नव्हेच. प्रार्थनेच्या आधी दोन्ही मुले कोंबडीच्या पिलांना टोपलीखाली झाकण्यावरून भांडत होती आणि आजी त्यांच्या भांडणाला सारखी हसत होती. चहात दूध होते आणि ते पाहुण्यासाठी मुद्दाम आणले असावे, याचा घरच्यांना झालेला आनंद लपत नव्हता. तो आनंद आम्ही पाहिला. फक्त त्याचे कारण म्हणून गरिबीकडे बोट दाखविण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. तो आनंद त्या घराचा होता, गरिबीने दिलेला नव्हता.

श्रावणात पुन्हा तिकडे जाणे झाले, तेव्हा पुस्तक बरोबर नेले. प्रवचन केले नाही. आम्ही चुलीचे गाणे वाचू लागलो, आणि दुसऱ्याच ओळीवर आजींनी हात वर करून आम्हाला थांबविले. या भागातील लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. छापलेले अक्षर तसेच असूनही आमची पुस्तकी जीभ त्याला पुन्हा 'ळ'कडे ओढीत होती, आणि ठेकाही चुकत होता. आजींना वाचता येत नाही. त्यांनी आमच्याकडून ओळ ऐकायची आणि तीच आपल्या पद्धतीने म्हणून दाखवायची, असे पुढचा अर्धा तास चालले. त्यांच्या तोंडी ते शब्द दळणाच्या वजनावर येत होते. अग्नीच्या हुडहुडीशी आल्यावर आजी खळखळून हसल्या. सून हसली नाही. तिने कोपऱ्यातल्या गॅसच्या टाकीकडे पाहिले. ती सरकारी योजनेत मिळालेली आहे आणि स्वच्छ पुसून, वर फुलांचे कापड घालून ठेवलेली असते. भरून आणायची म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी जाते, म्हणून सणालाच पेटते. "आमच्या ह्या धन्याले तर बाराही महिने हीव भरलेलं ऱ्हातं, फादर," ती म्हणाली, आणि मग तिलाही हसू आले.

निघताना तिने पुस्तक मागून घेतले. सातवीपर्यंत शिकलेली आहे. रात्री सासूला वाचून दाखवीन, म्हणाली. ते अजून परत आलेले नाही, आणि आम्ही मागितलेलेही नाही. त्यामुळे प्रस्तुत लेख लिहिताना ते आमच्या हाताशी नव्हते. गाण्यांविषयी जे लिहिले आहे ते आठवणीवरून आणि आजींनी दुरुस्त करून दिलेल्या उच्चारांवरून.